वरचा एक

जळगाव,
सोमवार, ४ ऑक्टोबर १९९९

ती. द्रौपदाअक्का यांना लिलाचा नमस्कार.

तुमचं ऑगस्टचं पत्र अमेरिकेहून पोचलं. उत्तराला उशीर झाला, कारण माझे डोळे आले होते. लिहायला-वाचायला त्रास व्हायचा. आता बरे आहेत.

इकडे सर्व ठीक. एस.टी.तून रिटायर झाल्यापासून ह्यांना घरी बसून माझ्या कामात चुका काढायला भरपूर वेळ मिळतो, त्यामुळे तब्येत उत्तम आहे. असोद्याच्या बाया पापड लाटायला पहिल्या बसने येतात. ताईबाईचा गुडघा दुखतो, पण उद्या येऊ नको म्हटलं की तिला राग येतो. बोदवडच्या व्यापाऱ्याकडून ज्वारी आणून ठेवली आहे. ऑक्टोबरचं ऊन चांगलं लागतंय, तर उन्हाळ्याची वाट न बघता बिबडे-पापड घालून वाळवून घ्यावेत असं चाललं होतं. आता किती घालायचे ते तुमच्या उत्तरावर ठरेल.

तुम्ही म्हणाल, ई-मेल असताना कागद कशाला खर्ची घालतेस. ई-मेल उल्हासच्या कॉम्प्युटरवर येतो. तो वाचतो, मग तुम्हाला वाचून दाखवतो. मुलगा तुमचा चांगलाच आहे, पण मला तुमच्याशी बोलताना मध्ये कोणी नको.

आता कामाचं. उल्हासने पाठवलेला तक्ता शालिग्रामभाऊंनी पाहिला. धुळ्याच्या बँकेतले शालिग्रामभाऊ तुम्हाला आठवतात ना, आपल्याला पहिलं खातं उघडून देणारे? रिटायर होऊन जळगावला आले आणि आता आपल्या कॉम्प्युटरवरचा हिशेब तेच करतात. त्यांनी मला समजावलं तसं तुम्हाला सांगते. उल्हासने इंटरनेटवर आपल्या दुकानाचं पान केलं आहे, तिथे गिऱ्हाईक मागणी नोंदवतं आणि समोरच्या चौकोनात रक्कम लिहून कार्डाने भरतं. अमेरिकेतले डॉलर भरतात, इंग्लंडमधले पौंड, दुबईचे दिरहम. कार्डवाली कंपनी कमिशन कापून सगळ्याचे डॉलर करते, उल्हास त्याचा ड्राफ्ट पाठवतो आणि इथे त्याचे रुपये होतात. आमचा प्रोग्राम रुपयाशिवाय काही ओळखत नाही. म्हणून बिलाचेही रुपये करायचे, आलेल्या पैशाचेही करायचे, आणि मध्ये जो फरक उरेल तो 'विनिमय फरक' नावाच्या खात्यात टाकायचा. शालिग्रामभाऊ त्या खात्याला माळा म्हणतात. जे कुठे बसत नाही ते माळ्यावर.

उल्हासने कमिशन कापण्याआधीची सगळी बेरीज डॉलरमध्ये केली. त्याचं म्हणणं, गुढीपाडव्यापासून लिलाकाकूने जेवढी बिलं दाखवली त्यापेक्षा दोनशे चौदा डॉलर जास्त आले आहेत. म्हणजे पैसे आले, माल गेला, पण बिल झालं नाही. बिल नाही म्हणजे विक्री कमी दिसली, आणि विक्री कमी दिसली की तुमचा अर्धा वाटाही कमी. शालिग्रामभाऊ म्हणाले भावाचा फरक असेल. पण भाव एवढा हललेला नाही हे त्यांनाही माहीत आहे. मला उत्तर सापडलेलं नाही. बिलाशिवाय एकही पार्सल माझ्या हातून गेलेलं नाही, एवढं मात्र लिहून देते.

दिवाळीपासून वेगळं होऊ असं तुम्ही लिहिलंत. ठीक आहे. पीठ शिजवायचा मोठा पितळी गंज तुमच्या माहेरचा, तो बाजूला काढला आहे. पाटे-लाटणी निम्मी-निम्मी. दळणाचं मशीन दोघींच्या पैशाचं आहे, त्याची किंमत तुम्ही सांगाल ती. कॉम्प्युटर उल्हासने दिला, तो न्यायचा असेल तर खोकं जपून ठेवलंय. बायांना अजून काही सांगितलं नाही.

हिशेब विचारला म्हणून मला वाईट वाटलेलं नाही. हिशेब विचारायचाच असतो.

कळावे.

आपली,
लिला बन्सीलाल चौधरी


जळगाव,
शनिवार, २३ ऑक्टोबर १९९९

अक्का,

मागचं पत्र आलं असेल तर बाजूला ठेवा, आलं नसेल तर आल्यावर फोडू नका. आधी हे वाचा.

पहिली गोष्ट, माझे डोळे आले नव्हते.

तुमच्या पत्रातली एक ओळ माझी पाठ झाली आहे. 'काही मागंपुढं झालं असेल तर सांगून टाक, मी उल्हासला समजावीन.' सांगून टाक! जणू मी फडताळातून लाडू उचलला आहे. हे उल्हासने लिहिलं असतं तर मी त्याला चार शब्द सुनावले असते आणि जेवायला बसले असते. काल शेंबूड पुसला त्याचा मी. पण ते तुम्ही लिहिलंत. मी सावद्याहून या घरात तुमची धाकटी जाऊ म्हणून आले तेव्हा मला पोळी नीट लाटता येत नव्हती, आणि सासूबाई बघायच्या आत तुम्ही तुमच्या पोळ्या माझ्या टोपल्यात टाकायच्या. त्या तुम्ही मला असं विचारता. पत्र वाचलं आणि मी रडत बसले. ताईबाईने विचारलं, "काहून डोये लाल व बाई?" तिला सांगितलं डोळे आलेत. मग तेच तुम्हालाही लिहिलं.

पाकीट चिकटवताना हे म्हणाले होते, "रागात टाकू नको, दोन दिवस राहू दे." मी तशीच उठून टाकून आले. असो.

आता काय झालं ते सांगते.

दसऱ्याच्या आधी मी शालिग्रामभाऊंना म्हटलं, वेगळं व्हायचं तर शेवटचा हिशेब चोख करून द्या, मागे बोट दाखवायला जागा नको. ते दोन दिवस विचार करून आले. म्हणाले, "लिलाबाई, आपण रुपये करायला फार घाई करतो. या वेळी कोणाचेच रुपये करू नका." त्यांनी कॉम्प्युटरमध्ये तीन वेगळी दुकानं मांडली. एक डॉलरचं, एक पौंडाचं, एक दिरहमचं. प्रोग्रामला वाटतं तिन्हीकडे रुपयेच आहेत. त्याला काय, आकडा मिळाल्याशी मतलब. मी उल्हासला ई-मेल करवला की मला बेरजा नकोत, गिऱ्हाइकाने स्वतः जे भरलं, त्याच्या पैशात, ते नावानिशी पाठव, आणि सोबत त्यांनी काही निरोप लिहिला असेल तोही. त्याने पाठवलं. गोलाणी मार्केटमधल्या इंटरनेटवाल्याकडून कागद छापून आणले.

बुधवारी दुपारी बसलो. शालिग्रामभाऊ यादी वाचत होते, मी बिलांवर खुणा करत होते. बाया तिथेच पापड भरत होत्या.

"पन्नासचं बिल, आले एकावन्न. एक डॉलर जास्त."

मी खूण केली.

"वीस पौंडाचं बिल, आले एकवीस. तीस डॉलरला एकतीस. शंभरला एकशे एक. हा कंपनीचा काहीतरी चार्ज दिसतो. पण चार्ज वर कसा जाईल? चार्ज तर कापला जातो."

पुन्हा साठला एकसष्ट. पुन्हा वीसला एकवीस. मी हातातला पेन ठेवला.

"भाऊ, तुमच्या मुलीच्या लग्नात आहेर लिहायला कोण बसलं होतं?"

"मीच. का?"

"कोणी शंभर रुपये दिले होते का?"

त्यांनी चष्मा काढला. "एकशे एक," म्हणाले. "सगळ्यांनी एकशे एक."

अक्का, मी एवढ्या मोठ्याने हसले की हे झोपेतून उठून आले.

लग्नाच्या रुखवतासाठी मागणी, बारशासाठी मागणी, लेक बाळंतपणाला आली म्हणून मागणी. आपल्याकडची माणसं अमेरिकेत जावोत नाहीतर दुबईत, शुभकार्याला शून्यावर थांबणारी रक्कम त्यांच्या हातून सुटत नाही. आणि उल्हासने चौकोन मोकळा ठेवलेला, लिहा हवं ते. बाकीच्या गावचे लोक बिलाएवढंच भरतात, त्यांचा हिशेब पैशाला पैसा जुळतो. घोळ सगळा खानदेशचा.

इतके महिने हे दिसलं का नाही, तर आम्ही रुपये करत होतो म्हणून. एकावन्न डॉलरचे रुपये केले की बावीसशे आणि वर काहीतरी होतात. त्यात तो एक कोणाला ओळखू यावा? पौंडातला एक म्हणजे आपले सत्तर रुपये. कोणी बाई तिकडे बर्मिंगहॅममध्ये बसून शकुनाचे सत्तर रुपये सोडते आणि आम्ही ते माळ्यावर टाकून देतो.

डॉलरवाल्यांचे अठ्ठ्याहत्तर निघाले, पौंडवाल्यांचे एकवीस, दुबईचे चार. शालिग्रामभाऊंनी कॅल्क्युलेटरवर सगळ्याचे डॉलर केले, एकशे तेरा झाले. दोनशे चौदातले एकशे तेरा समजले, राहिले एकशे एक. ते म्हणाले, "हे एकरकमी असणार." आणि होतेच. यादीतली सगळ्यात पहिली ओळ. पाडव्याचा दिवस, एकशे एक डॉलर, मालाची मागणी काही नाही. नाव तुमच्या सुनेचं, पत्ता तुमच्या घरचा. उल्हास इंजिनिअर आहे, तो बेरीज बघतो, नावं बघत नाही. निरोपाच्या जागी मंदाने इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं: 'लिलाची भवानी. अक्कांकडून.'

दुकान उघडल्यावर पहिली विक्री आपल्या माणसाच्या हातची व्हावी म्हणून तुम्ही सुनेच्या कार्डाने भवानी केलीत, आणि मला सांगितलंही नाही. कदाचित तुम्हाला वाटलं असेल, लिलाला आपोआप कळेल. कसं कळणार? आम्ही त्याचे रुपये करून टाकले होते.

मग मी बाकीचे निरोप वाचले. सात महिन्यांत एकदाही वाचले नव्हते, इंग्रजी अक्षरं बघून सोडून द्यायची. एडिसनच्या कोणी लिहिलंय, 'द्रौपदामावशींनी सांगितल्याप्रमाणे एक जास्त भरला आहे.' दुसरीने लिहिलंय, 'मावशी म्हणतात लिलाचा धंदा आहे, शून्यावर थांबायचं नाही.' इंग्लंडमधली एक शिरपूरकडची आहे, तिने सरळ अहिराणीत लिहिलंय, 'तुम्हनी जेठाणीनी फोनवर सांगं, वर एक ठेवाना.' अक्का, तुम्ही काय अख्ख्या जगाला फोन लावत बसला होतात का?

आपण पहिल्यांदा धुळ्याला पाचकंदिलाजवळ पापडांची टोपली घेऊन बसलो होतो ते आठवतं? पहिल्या गिऱ्हाइकाने दहाची नोट दिली, आणि तुम्ही तिला म्हणालात, "बाई, शून्यवर थांबानं नही. वर एक राहू दे, पुढला सौदाले." ती हसली आणि एक रुपया काढून दिला. त्या दिवशी मला तुमची लाज वाटली होती, जास्तीचं मागतात म्हणून. संध्याकाळी टोपली रिकामी झाली तेव्हा नाही वाटली.

आता मला राग आला आहे, तो ऐकून घ्या. ते दोनशे चौदा डॉलर तुमचे आहेत. तुम्ही स्वतः टाकलेत, नाहीतर लोकांना सांगून टाकायला लावलेत. माझं भलं व्हावं म्हणून तुम्हीच माझ्या ओटीत घातलेत, आणि मग तुम्हीच विचारलंत की ओटीत हे आलं कुठून. मुलाने बेरीज दाखवली तेव्हा एकदा तरी मनात यायला हवं होतं, की लिला असं करणार नाही. बाकी काही नाही, एवढंच यायला हवं होतं.

उल्हासला दोन गोष्टी सांगा. तो म्हणतो आता पानावर रक्कम पक्की करतो, कोणाला बदलताच येणार नाही. तसं करू नको म्हणावं. बिलाच्या चौकोनाखाली आणखी एक छोटा चौकोन करायला सांगा, 'वरचा एक' नावाचा. ज्याला ठेवायचा तो ठेवील. म्हणजे बिलाचे पैसे बिलाला जातील आणि एक आपल्या जागी बसेल. आणि दुसरं, गिऱ्हाइकाने ज्या पैशात भरले त्याच पैशात यादी पाठवत जा, बेरजा आम्ही करू.

शालिग्रामभाऊ विचारत होते, त्या एकांचं खातं कोणतं. 'इतर उत्पन्न' म्हणाले. मी म्हटलं, उत्पन्न नाही ते. विक्री नाही, उधारी नाही, भावाचा फरक तर नाहीच. शेवटी खात्यालाही 'वरचा एक' असंच नाव दिलं. डॉलर डॉलरमध्ये, पौंड पौंडात, दिरहम दिरहममध्ये, तसेच लिहून ठेवलेत. ते निम्मे-निम्मे करायचे नाहीत. शकुन वाटून घेत नाहीत, हे तुम्हीच शिकवलंय.

राहिलं वेगळं होण्याचं. मागच्या पत्रात मी पाटे-लाटणी वाटून दिली आणि गंज काढून ठेवला. तो गंज ताईबाईने परत चुलीवर चढवला, मी न सांगता. मी तो उतरवला नाही. मला वेगळं व्हायचं नाही, अक्का. हे तेव्हाच लिहायला पाहिजे होतं. पण तुमच्या त्या ओळीनंतर मला वाटलं, आता मी हे म्हटलं तर पैशासाठी म्हणतेय असं होईल. आता ती भीती नाही.

तुम्हाला व्हायचं असेल तर तसं लिहा. मात्र तुमच्या अक्षरात. उल्हासच्या बेरजेत नको.

तुमच्या उत्तराची वाट बघते.

लिला


जळगाव,
शुक्रवार, १२ नोव्हेंबर १९९९

अक्का,

पत्राची वाट बघत होते, आली मागणी.

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी शालिग्रामभाऊ इंटरनेटवाल्याकडून कागद घेऊन आले, दारातूनच ओरडले, "धाकट्या जाऊबाई, थोरल्यांची ऑर्डर!" ज्वारीचे बिबडे आणि उडदाचे पापड, बिल पन्नास डॉलर. खाली निरोप मंदाच्या इंग्रजी अक्षरांत, पण बोल तुमचे: 'लिला, मन्हं चुकनं. वेगळं व्हवानं नही.'

हे वाचून मी आत गेले. या वेळीही डोळे आलेच म्हणा.

थोरल्या जावेने असं लिहायचं नसतं. 'वेगळं व्हायचं नाही' एवढं पुरलं असतं. ती पहिली ओळ खोडून टाका म्हटलं, तर शालिग्रामभाऊ म्हणाले, कॉम्प्युटरवर आलेलं खोडता येत नाही. मग राहिली.

पण अक्का, तुम्ही पन्नासच भरलेत. उल्हासने मी सांगितला तसा दुसरा चौकोन केला आहे, आणि तो तुम्ही रिकामा ठेवलात. शालिग्रामभाऊ खूश आहेत, म्हणतात इतक्या महिन्यांत खानदेशच्या माणसाचा पहिला हिशेब जुळला. का रिकामा ठेवलात ते मला समजतं. पुन्हा लिलावर आळ नको म्हणून हात आखडलात. हिशेब तंतोतंत जुळला आणि मला मुळीच आवडला नाही.

म्हणून तुमचं पार्सल मी पाठवत नाही. बिबडे डब्यात भरून, वर तुमच्या नावाची चिठ्ठी लावून कोठीत ठेवले आहेत. शालिग्रामभाऊ कुरकुरतात की पैसे आले आणि माल गेला नाही, परत फरक दिसणार. दिसू दे म्हटलं.

डबा न्यायला स्वतः या. आणि येताना वरचा एक घेऊन या. डॉलर आणा नाहीतर रुपया, पण तुमच्या हाताने माझ्या हातात ठेवा. कार्डाने आलेला मी घेणार नाही.

तुमचीच,
लिला